हलवायाचे पंचाहत्तर गुण

देवदत्त टिपणीस सौदी सरकारच्या लेखी हलवाई होता.

आता देवदत्तला ओळखणारा कोणीही सांगेल की या माणसाला आयुष्यात साधा शिरा जमलेला नाही. एकदा बायको, म्हणजे सुरुची, तापानं आडवी झाली असताना त्यानं तो करून पाहिला होता. कढई टाकून द्यावी लागली आणि सुरुची दुसऱ्या दिवशी उठून ओट्याशी उभी राहिली ती निव्वळ धास्तीनं. देवदत्त इंजिनिअर होता. रियाधच्या ओलाया भागातल्या एका काचेच्या इमारतीत बसून तो मोठमोठ्या कंपन्यांच्या पगाराची सॉफ्टवेअर लिहीत असे. पण त्याला इथं आणलं तेव्हा कफिलाकडे, म्हणजे ज्याच्या हमीवर परदेशी माणूस या देशात राहतो त्या मालकाकडे, इंजिनिअरचा व्हिसा शिल्लक नव्हता. हलवायाचा होता, कारण कंपनीबरोबरच त्याच्या घराण्याचं मिठाईचं जुनं दुकानही होतं. कफील अबू फहद मोकळ्या मनाचा गृहस्थ. व्हिसा आहे ना, मग झालं तर, असं म्हणून त्यानं देवदत्तला आणलं, आणि इकाम्यावर, म्हणजे खिशात सदैव बाळगायच्या रहिवासाच्या पुस्तिकेवर, ‘हलवाई’ असा शिक्का बसला.

याचं रियाधमध्ये कोणालाच काही वाटत नसे. वरच्या मजल्यावरचा गिरीश सामंत बँकेत कर्जं मंजूर करायचा आणि इकाम्यावर शिंपी होता. ओळखीतले एक चार्टर्ड अकाउंटंट कागदोपत्री उंट राखत होते आणि दर गणेशोत्सवात त्यांना उंटांची खुशाली विचारली जाई. देवदत्तला दिवाळीत फराळावरून टोमणे मिळत. तो हसून घेई. पगार वेळेवर येत होता, गाडी होती, मुलीची शाळा बरी होती. हलवाई तर हलवाई.

गोष्ट बिघडली ती मुलीवरून. स्मृती नववीत गेली आणि घरात एक न बोललेला विषय येऊन बसला. इथल्या भारतीय शाळेत बारावीपर्यंत सोय होती. पुढं काय? पुढं मुलांना भारतात होस्टेलवर पाठवायचं आणि आईबापांनी इथं फोनची कार्डं खरवडत बसायचं, अशी रीत होती. सामंतांचा मुलगा शर्विल आदल्या वर्षीच पुण्याला गेला होता. तेव्हापासून हेमलता सामंत भाजी निवडताना मध्येच थांबत आणि खिडकीबाहेर बघत बसत. ते पाहिलं की देवदत्त घरी येऊन आधी स्मृतीच्या खोलीत डोकावे. स्मृती त्याला इंग्रजीत उलट उत्तरं देई, टीव्हीचा रिमोट सोडत नसे, पण ती नसलेलं घर त्याला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं.

"कॅनडा," गिरीश एका शुक्रवारी दुपारी जेवून सुपारी कातरत म्हणाला. "अरे, अख्खं कुटुंब एकत्र. पोरगी घरी राहून कॉलेजला जाईल. कायमचं रहिवासीपण मिळतं. फक्त पंचाहत्तर गुण पाहिजेत." त्यानं खिशातून गुणांच्या नियमांचा चार पानी छापील कागद काढला.

"कसले गुण?"

"शिक्षणाचे, इंग्रजीचे, वयाचे. आणि मुख्य म्हणजे कुशल कामाच्या अनुभवाचे. चार वर्षं भरली की अनुभवाचे पैकीच्या पैकी."

गिरीशच्या मेहुण्याचा कोणीतरी टोरांटोला होता. त्यामुळे कॅनडाच्या बाबतीत इमारतीत गिरीशचा शब्द अखेरचा मानला जाई. देवदत्तची इथल्या नोकरीतली चार वर्षं भरत आली होती. त्याला एकदम आपलं आयुष्य सत्कारणी लागल्यासारखं वाटलं. सुरुची पलीकडे जेवणाच्या टेबलावर दहावीचे रसायनशास्त्राचे पेपर तपासत बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, "अहो, तो कागद मला जरा बघायला द्याल का?" देवदत्त म्हणाला, "अगं, थांब जरा, महत्त्वाचं चाललंय."

चांगल्या गोष्टी जोडीनं येतात आणि माणसाची झोप उडवतात. त्याच आठवड्यात यान्बूहून फोन आला. तांबड्या समुद्राकाठच्या त्या कारखान्यांच्या गावात एका ठेकेदार कंपनीला माणूस हवा होता. पगार जास्त, राहायला बंगली, समोर समुद्र. त्यांचे नोकरभरतीचे साहेब मोहियुद्दीन हे हैद्राबादचे. ओलायातल्या त्यांच्या कचेरीत मुलाखत झाली आणि ती इतकी झकास झाली की मोहियुद्दीन साहेबांनी निरोप देताना देवदत्तचा हात दोन्ही हातांत धरला.

"नोकरी बदललीस की मेलास," गिरीश म्हणाला. "अनुभव तुटतो. पहिल्यापासून मोजणी."

हे धडधडीत चूक होतं. पण गिरीश हे अशा आवाजात म्हणाला की तोंडचं पाणी पळालं. देवदत्तनं दुसरं मत घ्यायचं ठरवलं आणि तो सिराजुद्दीन परकारांकडे गेला. सिराजुद्दीनभाई दापोलीकडचे. बथ्यात, म्हणजे रियाधच्या जुन्या बाजारपेठेत, त्यांचं अत्तरांचं दुकान होतं आणि मराठी माणूस दिसला की ते गल्ला सोडून बाहेर येत. सल्ला हा त्यांचा खरा धंदा, अत्तर जोडीला.

"टिपणीसभाऊ, तुमी उगाच डोक्याला ताप करून घेताव," सगळं ऐकून ते म्हणाले. "तुमच्या इकाम्यावर काय हाय? हलवाई. मग हलवाई म्हणूनच अर्ज टाका! कॅनडात पंजाबी केवढे! त्यांना जिलेबी नको? इंजिनिअर काय, पायलीला पन्नास. हलवाई दाखवा मला एक!"

"पण मला जिलेबी येत नाही."

"त्यांना कुठं येते? तपासणार कोण?"

देवदत्त हसला, पण घरी येताना सिग्नलला थांबल्यावर ते हसू पार मावळलं. तपासणार कोण? तपासलंच तर? अर्जात इंजिनिअर लिहायचं आणि इकाम्याच्या भाषांतरात हलवाई निघायचं. तिकडचा अधिकारी म्हणेल, गृहस्था, चार वर्षं तू लाडू वळत होतास. त्याचा अनुभव, त्याच्या रात्री जागून लिहिलेल्या प्रणाल्या, सगळं एका शिक्क्यापायी पाण्यात जाणार होतं. पहिल्यांदाच त्याला त्या शब्दाचा राग आला.

तेव्हा आधी इकाम्यावरचा व्यवसाय बदलून घ्यायचा, मग कंपनीकडून अनुभवाचं पत्र, मग अर्ज, आणि यान्बूवाल्यांना तोवर गोड बोलून थोपवून धरायचं, असा बेत ठरला. बेत उत्तम होता. त्यात फक्त इतर माणसं होती, एवढाच दोष.

कंपनीची सरकारी कामं करणारा मंदूब होता. मंदूब म्हणजे दिवसभर हातात फायली आणि कानाला मोबाइल लावून कचेऱ्या फिरणारा माणूस. कंपनीचा मालक रजेवर गेला तर चालतं, मंदूब गेला तर सगळे जागच्या जागी बसतात. त्यानं देवदत्तची पदवी मागितली, तिच्यावर दिल्लीचे शिक्के मागितले, मग त्या शिक्क्यांचं अरबी भाषांतर मागितलं. नाशिकहून देवदत्तच्या भावानं दिल्लीच्या दोन वाऱ्या केल्या आणि प्रत्येक वेळी फोनवर आपल्या पाठीचं दुखणं सविस्तर सांगितलं. अखेर कागद दाखल झाले. मंदूब परत आला तो कपाळाला हात लावून.

प्रश्न साधा होता. मिठाईच्या दुकानासाठी हलवायाचा व्हिसा दिलेला. आता तो हलवाई इंजिनिअर व्हायचं म्हणतोय. मग दुकानात मिठाई कोण करतंय? एक अधिकारी गुरुवारी दुकानाची पाहणी करायला येणार होता.

अबू फहदनं देवदत्तला बोलावून वेलदोड्याचा कहवा पाजला. त्याला राग आला नव्हता, दुःख झालं होतं, आणि हे जास्त अवघड असतं. दुकानावर आणखी पाच जणांचे इकामे होते. हलवाई दिसला नाही तर त्या पाच जणांवरही गदा येणार. "देव," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तू माझ्या मुलासारखा आहेस. अर्धा तास. फक्त उभा राहा."

देवदत्तनं नाही म्हणायला हवं होतं. पण अनुभवाचं पत्र ज्याच्या सहीनं मिळायचं तोच समोर बसून मुलासारखा आहेस म्हणत होता, शिवाय त्या पाच जणांच्या बायकापोरांचा विचार मनात आला. गुरुवारी संध्याकाळी सुरुचीला "जरा ऑफिसचं काम आहे" असं सांगून तो निघाला.

पांढरा एप्रन, डोक्याला जाळीची टोपी, पुढं पाकात निथळणाऱ्या बस्बूसाच्या, म्हणजे रव्याच्या अरबी मिठाईच्या, परातीच्या पराती. खरा हलवाई हा एक सिरियन म्हातारा होता आणि तो मागच्या बाजूला पोत्यांआड बसून हलक्या आवाजात देवदत्तला हातवारे शिकवत होता. अधिकारी आला. तरुण, शांत, अदबशीर. त्यानं इकामा पाहिला, चेहरा पाहिला, मग परातीकडे बोट दाखवून एक किलो बांधायला सांगितलं.

देवदत्तनं सुरी धरली. हे खोटं नाटक आहे, आपण एक सुशिक्षित माणूस आहोत, हे सगळं त्या क्षणी विसरून त्याला एकच वाटलं, की वड्या सारख्या आल्या पाहिजेत. इंजिनिअरच तो. त्यानं डोळ्यांनी परात मोजली, तिरक्या रेघा आखल्या आणि अशा एकसारख्या शंकरपाळी वड्या पाडल्या की पोत्यांआडून म्हाताऱ्याचा "माशाल्लाह" ऐकू आला. अधिकाऱ्यानं एक वडी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि वहीत काहीतरी लिहिलं. जाताना त्यानं मनापासून हात मिळवला. दुकानात उत्कृष्ट हलवाई आहे, त्याचा व्यवसाय बदलण्याचं काही कारण दिसत नाही, असा त्याचा शेरा होता. हे देवदत्तला घरी जाताना मंदूबकडून कळलं.

त्या क्षणी मात्र त्याला सुटल्यासारखं वाटत होतं. एप्रनची गाठ सोडायला त्यानं हात मागं नेले, एवढ्यात दारातून ओळखीचा आवाज आला. "अरे, वो कुनाफा पूछो पहले!"

मोहियुद्दीन साहेब. मागं बेगम, मागं तीन मुलं.

देवदत्त परातीमागं वाकला. तो कायमचा वाकलेला राहिला असता तरी चाललं असतं, पण नेमकी बाहेर अजान झाली. आता रियाधमध्ये नमाजाची वेळ झाली की दुकानं बंद होतात. पोऱ्यानं सवयीनं धाडकन शटर ओढलं, बाहेरून कडी घातली आणि तो मशिदीकडे गेला. आत उरले मोहियुद्दीन साहेबांचं कुटुंब, पोत्यांआडचा म्हातारा आणि वाकलेला इंजिनिअर.

"हम तो मुसाफिर हैं, बाद में पढ़ लेंगे," असं म्हणत साहेब परातीजवळ आले आणि थांबले. "टिपणीस साब? ये क्या हुलिया बना को रक्खे मियाँ?"

देवदत्त उभा राहिला. अंगावर पाकाचे डाग, डोक्यावर जाळी. त्यानं सांगायला सुरुवात केली. इकामा, कॅनडा, पंचाहत्तर गुण, स्मृती, होस्टेल, पाच जणांचे इकामे. शटर बंद, जायला कुठं जागा नाही, त्यामुळे सगळं सांगून झालं. बेगमसाहेबांचे डोळे भरून आले, मुलांनी तेवढ्या वेळात अर्धी परात संपवली.

मोहियुद्दीन साहेब गहिवरून म्हणाले, "अरे, इत्ती सी बात! आप हमारे पास आओ. इकामा हम अपने नाम पे कर लेते."

"इंजिनिअर म्हणून?" देवदत्तला आशा वाटली.

"नै, इंजिनिअर का वीजा तो नहीं है हमारे पास. माली का है. लेकिन बगीचा बहुत अच्छा है साब वहाँ!"

घरी पोचेपर्यंत देवदत्त पार खचला होता. नोकरी सोडली नाही तर हलवाई, सोडली तर माळी. त्याच्या अंगाला गुलाबपाण्याचा वास येत होता आणि सुरुचीला काय सांगावं हे त्याला कळत नव्हतं. त्यामुळे त्यानं खरं ते सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. तिनं त्याच्या केसांतून पाकाचा एक चिकट गोळा काढला आणि म्हणाली, "एवढं सगळं एकट्यानं कशाला ओढत बसलात?"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. गिरीश खाली आला, सिराजुद्दीनभाईही आले होते. दोघांनी मिळून देवदत्तचे गुण शेवटचे एकदा मोजायचं ठरवलं. समजा इकाम्याचं कोणी पाहिलंच नाही. समजा चारही वर्षं धरली. पदवीचे इतके, इंग्रजीचे इतके, वयाचे, अनुभवाचे पैकीच्या पैकी, वर बायको उच्चशिक्षित म्हणून थोडे. गिरीशनं बेरीज केली. पुन्हा केली. मग चष्मा पुसून पुन्हा केली.

"तीन कमी पडतात," तो म्हणाला.

पत्र मिळालं असतं, शिक्का बदलला असता, भाऊ दिल्लीला आणखी दहा वेळा गेला असता, तरी तीन कमी पडणारच होते. एवढे दिवस चाललेला हा सगळा खटाटोप आधीपासूनच नापास होता. देवदत्तला आतल्या खोलीत स्मृती फोनवर मैत्रिणीशी खिदळताना ऐकू आली आणि त्याला रडू येईल असं वाटलं.

"आता तरी तो कागद देता?" टेबलापाशी बसलेली सुरुची म्हणाली.

तिच्यापुढं पेपरांचा गठ्ठा होता. तिनं तो बाजूला सारला, लाल पेनानंच लिहायला घेतलं आणि शाळेतल्या बाई उत्तरपत्रिका तपासतात तशी रकान्यावरून नजर खाली नेत गेली. "अनुभव गेल्या दहा वर्षांतला, सगळ्या नोकऱ्यांचा मिळून धरतात. नोकरी बदलल्यानं तुटत नाही. हे तर इथं पहिल्याच पानावर आहे, गिरीशभाऊजी."

गिरीश सुपारी शोधू लागला.

"आणि अर्ज नवऱ्याच्याच नावानं करायचा, असं कुठं दिसत नाही मला. एम.एस्सी. आहे. बी.एड. आहे. नाशिकला दोन वर्षं शिकवलं, इथं तीन. पूर्ण वेळ, शाळेच्या पगारपत्रकावर."

सिराजुद्दीनभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे वहिनी मुख्य, आणि टिपणीसभाऊ...?"

"सोबत," सुरुची म्हणाली.

कोणालाच हे सुचलं नव्हतं. सुचणार कुठून? या देशात नवऱ्याच्या इकाम्यावर बायको नोंदलेली असते, सोबत आलेली म्हणून. तिला कुठं जायचं तर गाडी नवरा चालवतो, कागदावर सही तोच करतो. अशा मुलखात राहून त्या तीन कर्त्या पुरुषांनी सगळ्यांचा अनुभव मोजला होता, अगदी न वळलेल्या लाडवांचासुद्धा. रोज पहाटे शाळेच्या बसनं जाणाऱ्या बाईचा मोजायचा राहून गेला होता. देवदत्तला मनापासून लाज वाटली. त्याखालोखाल, खोटं कशाला सांगा, त्याचा स्वाभिमानही थोडा दुखावला.

"किती होतात?" त्यानं विचारलं.

"बहात्तर."

"म्हणजे तुलाही तीन कमी."

"माझे एकटीचे बहात्तर. जोडीदाराच्या शिक्षणाचे धरायचेत अजून." तिनं पेनानं त्याच्याकडे बोट केलं. "तुमच्या पदवीचे चार. शहात्तर. तुमच्याशिवाय मी नापास आहे."

खोलीत एकदम गलका झाला. सिराजुद्दीनभाईंनी खिशातली अत्तराची कुपी काढून सगळ्यांच्या मनगटांना लावली. गिरीश हे आपण आधीच सुचवणार होतो असं दोनदा म्हणाला आणि तिसऱ्यांदा म्हणायच्या आत हेमलतावहिनींना सांगायला वर पळाला. रविवारी शाळेच्या मुख्याध्यापिका बदरुन्निसा मॅडमनी सुरुचीला अनुभवाचं पत्र दिलं. मधल्या सुट्टीत मागितलं, शेवटच्या तासाला मिळालं. मंदूब लागला नाही, कोणाला एप्रन घालावा लागला नाही. देवदत्तनं ते पत्र हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. त्याला कौतुकही वाटत होतं आणि हे इतकं सोपं असू शकतं याचा किंचित रागही येत होता.

अर्ज गेला. उत्तराला महिने लागणार होते, मधे तपासण्या होत्या, मुलाखत निघालीच तर तीही होती. पण स्मृतीनं जगाच्या नकाशावर बर्फाच्या जागा शोधायला सुरुवात केली होती आणि सुरुची स्वयंपाक करताना गुणगुणत होती. राहिला होता यान्बूचा निकाल. मोहियुद्दीन साहेबांचा फोन आला तो मोठ्या उत्साहात. बंगली रंगवून झाली होती.

"माफ करो साब," देवदत्त आपल्या खास हिंदीत म्हणाला, "मैं नहीं आ सकता. मेरी मिसेस की नौकरी रियाध में है."

इतकी वर्षं माणसं नेमणाऱ्या त्या गृहस्थाला पगार कमी म्हणून, उकाडा फार म्हणून, कफील सोडत नाही म्हणून नकार आले असतील. हे कारण त्यांच्या कानावर कधी पडलं नसावं.

"मिसेस की?" साहेबांनी खात्री करून घेतली. "लेकिन मियाँ, उनके कफील तो आप हैं ना?"

देवदत्तनं टेबलापाशी पेपर तपासणाऱ्या सुरुचीकडे पाहिलं.

"अभी तो मैंच है, साब," तो म्हणाला. "आगे का अर्ज डाला हुआ है."